ठगांच्या कवट्या आणि मनाचे शास्त्र

अमेरिकेत १९६२ साली ‘प्रेशर पॉइंट’ या नावाचा एक चित्रपट प्रदर्शित झाला. स्टॅन्ली क्रेमर हे त्याचे निर्माते आणि ह्यूबर्ट कॉर्नफील्ड हे दिग्दर्शक. चित्रपट कृष्णधवल आहे, आणि त्यातील खरी पात्रे दोनच आहेत. एक तुरुंगातील मनोविकारतज्ज्ञ, दुसरा त्याच्याकडे उपचारासाठी आलेला कैदी. काळ १९४२ चा, म्हणजे ऐन महायुद्धाचा. हा कैदी अमेरिकेतील नाझीपंथी संघटनेचा सभासद असून राजद्रोहासाठी तुरुंगात आलेला आहे. ज्यू आणि कृष्णवर्णीय यांचा द्वेष हाच त्याच्या आयुष्याचा आधार. आणि त्याला बरे करण्यासाठी ज्या डॉक्टरची नेमणूक झाली आहे तो डॉक्टर स्वतः कृष्णवर्णीय आहे! डॉक्टरची भूमिका सिडनी पॉइटिए यांनी केली आणि कैद्याची बॉबी डॅरिन यांनी.

ही कथा सर्वस्वी कल्पित नाही. रॉबर्ट लिंडनर या मानसशास्त्रज्ञाने १९५५ साली आपल्या काही रुग्णांच्या हकीकती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या, त्यांतील एका हकीकतीवर ती आधारलेली आहे. मूळचा चिकित्सक, म्हणजे लिंडनर, ज्यू होता. चित्रपटकर्त्यांनी त्याला कृष्णवर्णीय केले. कैद्याला झोप येत नाही, मधूनच त्याची शुद्ध हरपते. डॉक्टर त्याला बोलते करतो. हळूहळू त्याच्या बालपणाचे चित्र उभे राहते. खाटकाचा धंदा करणारा क्रूर बाप, मुलाला चिकटून राहणारी रडवी आई, आणि त्या दोघांच्या कचाट्यात सापडलेले एकाकी पोर. मुळाशी हात पोहोचतो आणि रोग्याची निद्रा परत येते. परंतु त्याचा द्वेष मात्र तसाच राहतो. उलट तो डॉक्टरलाच विचारतो की, ज्या देशाची बाजू तू घेतोस, तो देश तुला कोणत्या रांगेत उभे करतो? पुढे त्याच्या सुटकेचा प्रश्न निघतो. हा मनुष्य अजून घातक आहे असे डॉक्टर कळवळून सांगतो. पण त्याच्या गोऱ्या सहकाऱ्यांना वाटते, रोगी वंशद्वेष्टा म्हणून डॉक्टरचे मन कलुषित झाले आहे. कैदी सुटतो. पुढे एका वृद्धाचा मारून मारून जीव घेतल्याबद्दल तो फाशी जातो.

मनाचे शास्त्र आणि वंशद्वेष या दोहोंची गाठ पडली म्हणजे काय होते, याचा हा एक नमुना. येथे शास्त्र द्वेष करणाऱ्याच्या मनात डोकावते, आणि डोकावणारा डॉक्टर हा द्वेषाचे लक्ष्य झालेल्या समाजापैकी आहे. इतिहासात मात्र असा योग फार विरळा. बहुधा उलटेच घडलेले दिसते. ज्याच्या हाती सत्ता त्याच्याच हाती शास्त्र, आणि ज्याच्याविषयी तिटकारा त्याचेच डोके तपासणीच्या मेजावर! अशा उलट्या प्रकाराचे एक ठळक उदाहरण आपल्याच देशात, मध्य प्रदेशात, नर्मदेच्या काठी घडून गेले. त्याची हकीकत आज श्रोत्यांपुढे ठेवावयाची आहे.

जबलपूरजवळच्या भेडाघाटचे नाव मराठी माणसाला अपरिचित नाही. नर्मदेची परिक्रमा करणारे आपल्याकडे पुष्कळ, आणि धुवांधारच्या धबधब्याचे तुषार अंगावर घेतल्यावाचून सहसा कोणी पुढे जात नाही. संगमरवराच्या उभ्या कड्यांमधून संथ वाहणारी ती नदी चांदण्या रात्री नावेतून पाहावी, असे जाणते लोक सांगतात. हा प्रदेश राजकीय दृष्ट्याही एके काळी आपलाच होता. गढा-मंडल्याचे राज्य १७८१ साली सागरच्या मराठ्यांकडे आले, अठराव्या शतकाच्या अखेरीस ते नागपूरकर भोसल्यांकडे गेले, आणि सीताबर्डीच्या लढाईनंतर, १८१७-१८ च्या उलथापालथीत, ते इंग्रजांच्या हाती पडले. ‘सागर आणि नर्मदा प्रदेश’ असे नवे नाव त्याला मिळाले.

या नव्या मुलुखात १८२० साली विल्यम हेन्री स्लीमन नावाचा एक तरुण लष्करी अधिकारी मुलकी कामावर आला. पुढे ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून तो जगप्रसिद्ध झाला. हा मनुष्य मोठा चौकस. शेतीपासून भूगर्भापर्यंत सर्व विषयांत त्याला रस. जबलपुरातील बडा शिमला टेकडीवर १८२८ साली त्याला काही अजस्र हाडे सापडली. हिंदुस्थानात मिळालेले डायनोसॉरचे हे पहिले अवशेष, हे पुढे कळले. १८३५ च्या नोव्हेंबरात तो हिमालयाकडे निघाला, तेव्हा प्रथम मित्रमंडळी घेऊन भेडाघाटला गेला. १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासग्रंथाचा आरंभ याच सहलीने आणि नर्मदेकाठच्या जत्रांच्या वर्णनाने होतो. रयतेशी गप्पा मारणारा, तिच्या श्रद्धा समजून घेणारा असा हा अधिकारी होता. म्हणून तर त्याची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. शास्त्र आणि सत्ता यांची युती दुष्टांच्याच हातून बिघडते असे नाही. भल्या माणसांच्या हातूनही ती बिघडू शकते.

ठग होते की नव्हते, याविषयी अलीकडच्या इतिहासकारांत बराच वाद झालेला आहे. परंतु सगळेच थोतांड होते असे म्हणता येत नाही, कारण जमिनीतून प्रेते निघाली. स्लीमनने स्वतःच लिहून ठेवले आहे की, १८२२ ते १८२४ या काळात तो नरसिंहपूर जिल्ह्याचा कारभार पाहत होता आणि आपल्या नकळत जिल्ह्यात साधी चोरीही होत नाही अशी त्याची समजूत होती. मात्र त्याच्या कचेरीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या कंदेली गावात ठगांची एक टोळी राहत होती, आणि जवळच्याच एका आमराईत वाटसरूंना गळफास देऊन पुरण्याचे काम वर्षानुवर्षे चालले होते. पुढे फिरंगिया नावाचा ठगांचा जमादार हाती लागला. तो माफीचा साक्षीदार झाला आणि त्याने सागरकडील आणखी एका आमराईतील गाडलेली प्रेते उकरून दाखविली. स्लीमनचा निजण्याचा तंबू त्याच प्रेतांवर उभा होता!

तेव्हा गुन्हा खरा होता. लढाया संपून सैन्ये विस्कटलेली, संस्थाने मोडलेली, रस्ते निर्जन, आणि वाटसरूच्या कमरेला रोकड. अशा काळात वाटमारीचे संघटित धंदे फोफावावेत यात नवल नाही. इंग्रजी नोंदींच्या आधारे वारंवार दिले जाणारे आकडे असे आहेत की, १८३१ ते १८३७ या काळात ३,२६६ ठग पकडले गेले, त्यांपैकी ४१२ फाशी गेले, ४८३ माफीचे साक्षीदार झाले, आणि बाकीच्यांना काळे पाणी किंवा जन्मठेप मिळाली.

हे साक्षीदार म्हणजे या कथेतील सर्वांत महत्त्वाचा भाग. स्लीमनने त्यांना समोर बसवून दिवसच्या दिवस प्रश्न विचारले. त्यांची गुप्त बोली, शकुन-अपशकुन, वाटणीचे नियम, देवीवरील श्रद्धा, सर्व काही टिपून घेतले, आणि १८३६ साली ‘रामासियाना’ या ग्रंथात प्रसिद्ध केले. त्यातील काही संवाद आज वाचताना असे वाटते की, हे एखाद्या मनोविकारतज्ज्ञाच्या खोलीतील टिपण आहे. तुम्हाला मारताना दया येत नाही काय, असे विचारले असता फिरंगियाने दिलेल्या उत्तराचा आशय मोठा विलक्षण आहे. तो म्हणाला की, दया आम्हालाही येते. पण तुपोनीच्या विधीतला गूळ एकदा खाल्ला म्हणजे स्वभाव पालटतो, घोड्याला दिला तर घोड्याचाही पालटेल. आपल्याला घरी खाण्यापिण्याची ददात नव्हती, चांगल्या जागेवर नोकरीही मिळाली होती, तरी टोळीपासून दूर राहिले की जीव रमत नसे. आणि याचे कारण काय, तर लहानपणी बापाने आपल्याला तो गूळ चाखविला.

श्रोतेहो, या उत्तरातील गूळ बाजूला ठेवा आणि उरते ते पाहा. एक खुनी मनुष्य सांगत आहे की, दया माझ्यातही होती. माझा स्वभाव जन्माने आला नाही, तो बापाच्या हाताने, टोळीच्या संगतीने, एका विधीच्या पुनरुक्तीने घडविला गेला. ‘प्रेशर पॉइंट’मधील डॉक्टरने शंभर वर्षांनंतर आपल्या कैद्याच्या बालपणात जे शोधले तेच येथे, जबलपूर-सागरच्या परिसरात, कोणी न शोधता सांगितले गेले होते. आणि सांगणारा जन्माने ब्राह्मण होता. ठगांच्या टोळ्यांत हिंदू होते, मुसलमान होते, नाना जातींचे लोक होते. त्यांना ‘वंश’ म्हणावयास आधारच नव्हता.

परंतु त्या काळच्या शास्त्राचे लक्ष माणसाच्या बोलण्याकडे नव्हते, ते त्याच्या कवटीकडे होते. १८३३ च्या सुमारास सागर येथील इंग्रज शल्यवैद्य हेन्री स्प्राय याने फाशी गेलेल्या ७ ठगांच्या कवट्या विलायतेला धाडल्या. सोबत त्या माणसांच्या कृत्यांची हकीकत होती. जॉर्ज स्विंटन या कलकत्त्याच्या बड्या सरकारी अधिकाऱ्यामार्फत त्या एडिंबरोला पोहोचल्या. तेथे १८२० पासून ‘फ्रेनॉलॉजी’ची, म्हणजे कवटीवरून स्वभाव ओळखण्याच्या शास्त्राची, एक नामांकित संस्था होती.

या शास्त्राचा जनक फ्रान्स योजेफ गॉल हा व्हिएन्नाचा वैद्य. मेंदूच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या वृत्ती वसतात, जी वृत्ती बलवान तिचे स्थान फुगते, आणि म्हणून डोक्यावरील उंचवटे चाचपले की माणसाचा स्वभाव हाती येतो, असे त्याचे प्रतिपादन होते. विध्वंसवृत्तीचे स्थान कानाच्या वर, परोपकारवृत्तीचे माथ्याच्या पुढच्या भागी, असा सगळा नकाशाच तयार झाला होता. आज आपण याला हसतो. पण एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे शास्त्र मोठ्या प्रतिष्ठेचे होते. खुद्द कलकत्त्यात १८२५ साली त्याची एक मंडळी स्थापन झाली होती. एडिंबरोच्या जॉर्ज कोंब या पंडिताने तर हिंदूंची कवटी लहान आणि सौम्य असते, म्हणूनच मूठभर युरोपियन त्यांच्यावर राज्य करू शकतात, असा सिद्धांत मांडला होता.

आता अडचण पाहा. हिंदी माणूस जात्या सौम्य, म्हणून तो गुलाम, हा एक सिद्धांत. आणि ठग हा जगातील सर्वांत थंड रक्ताचा खुनी, हेही सर्वांना मान्य. मग त्याच्या कवटीवर कानापाशी केवढा तरी उंचवटा हवा! रॉबर्ट कॉक्स याने १८३४ साली संस्थेच्या नियतकालिकात त्या सात कवट्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. निष्पन्न काय झाले? विध्वंसवृत्तीचे स्थान या कवट्यांत विशेष वरचढ असल्याचे आढळले नाही. या ठिकाणी एखाद्या प्रामाणिक शास्त्राने आपला दावा मागे घेतला असता. फ्रेनॉलॉजीने तसे केले नाही. हे लोक रक्ताच्या हौसेने नव्हे, द्रव्याच्या लोभाने मारतात, सद्सद्विवेकाची वृत्ती त्यांच्यात दुबळी आहे, आणि शिक्षण व परिस्थिती यांचाही परिणाम होतो, असे स्पष्टीकरण जोडून शास्त्र सुखरूप बाहेर पडले. उंचवटा असला तर सिद्धांत खरा, नसला तरी सिद्धांत खराच!

मात्र कॉक्सच्या अहवालातून एक गोष्ट नकळत निसटून बाहेर पडली, ती ही की, परिस्थिती आणि शिकवण यांनी माणूस ठग होतो. म्हणजे कवट्यांनीही अखेर फिरंगियाचीच साक्ष दिली. दुर्दैवाने राज्यकर्त्यांनी ती ऐकली नाही.

याला दुसरे एक कारण झाले, ते म्हणजे भवानी. ठग देवीचे भक्त, विंध्याचलच्या देवीला नवस करणारे, म्हणून ठगी हा एक धर्मच होय, असे चित्र इंग्रजी वाचकांपुढे उभे राहिले. १८३९ साली मेडोज टेलर याची ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी आली आणि ते चित्र युरोपभर पसरले. टेलर हा निजामाच्या चाकरीतील अधिकारी, आपल्या मराठवाड्याच्या सीमेवरील मुलूख त्याला चांगला ठाऊक. तरीही इंग्रजी वाचकाच्या मनात ‘भवानी’ या शब्दाने जे उमटते आणि तुळजापूरच्या पायऱ्या चढणाऱ्या आपल्याकडील बाईच्या मनात जे उमटते, त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडले ते पडलेच. भेडाघाटच्या टेकडीवर कलचुरी राजांच्या काळचे, दहाव्या शतकाच्या सुमाराचे चौसष्ट योगिनींचे मंदिर आहे. वर्तुळाकार ओवऱ्यांतून उग्र, भग्न देवीमूर्ती रांगेने बसलेल्या. पाहणाऱ्याने आधीच मनात भय धरले असेल तर या मूर्तींत त्याला खुनाचा धर्म दिसेल, आणि भाविकाला आईची रूपे दिसतील. जी देवता लक्षावधी शेतकरी, कारागीर, गृहिणी पूजतात ती मूठभरांच्या गुन्ह्याचे कारण कशी ठरावी, हा साधा तर्क त्या वेळी फारसा कोणाला सुचला नाही.

कायदा मात्र भराभर पुढे गेला. १८३६ च्या ३० व्या कायद्याने असे ठरविले की, कोणीही मनुष्य ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले की त्याला सक्तमजुरीसह जन्मठेप. मग तो कायद्यापूर्वी टोळीत असो की नंतर. अमुक माणसाने अमुक दिवशी अमक्याला मारले, हे दाखविण्याची गरज उरली नाही. गुन्ह्याऐवजी गोत पाहिले जाऊ लागले. १८४३ साली दरोडेखोरांच्या टोळ्यांनाही हाच न्याय लागू झाला. जबलपुरात माफीच्या साक्षीदारांसाठी आणि त्यांच्या मुलाबाळांसाठी १८३७-३८ च्या सुमारास उद्योगशाळा निघाली. तेथे ते तंबू शिवीत, गालिचे व सतरंज्या विणीत. तेथील हेतू चांगला होता. तथापि ज्या मुलाने आयुष्यात रुमाल कोणाच्या गळ्यात टाकला नाही, ते मूलही बापाच्या नावाने भिंतीआड वाढले, हेही विसरता येत नाही.

आणि मग १८७१ साल उजाडले. त्या वर्षी ‘गुन्हेगार जमाती’चा कायदा झाला. विधेयक मांडताना जो युक्तिवाद करण्यात आला त्याचा सारांश असा: या देशात जातीप्रमाणे धंदे पिढीजात चालतात, सुताराचा मुलगा सुतार, विणकराचा मुलगा विणकर, तेव्हा गुन्हा हाच ज्यांचा धंदा अशाही जाती असणार, त्यांची संततीही गुन्हेगारच निपजणार, आणि ठगांप्रमाणे त्यांचा निकाल लावीपर्यंत हे चालूच राहणार. ठगांचे नाव येथे मुद्दाम घेतले गेले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. नर्मदेकाठच्या काही टोळ्यांसाठी योजिलेला उपाय आता सबंध जमातींचा कायदा बनला. प्रथम तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता, पुढे बंगालला लागू झाला, आणि १९११ च्या कायद्याने सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानभर पसरला.

एकट्या हिंदुस्थानातच असे विचार चालू होते असे नव्हे. अमेरिकेत सॅम्युअल कार्टराइट नावाच्या वैद्याने १८५१ साली एक नवा मनोविकार ‘शोधून’ काढला होता. गुलामांना पळून जाण्याची इच्छा होते, तो त्या रोगाचा झटका म्हणे! इटलीत चेझारे लोंब्रोझो याने १८७६ साली ‘जन्मजात गुन्हेगारा’चा सिद्धांत मांडला आणि कवटी, जबडा, कान यांची मापे पुन्हा एकदा मेजावर आली. म्हणजे आपला १८७१ चा कायदा लोंब्रोझोच्या ग्रंथाहून पाच वर्षांनी वडील ठरतो. युरोपात जे पुस्तकात लिहिले गेले ते येथे आधीच अमलात आले होते. पुढे नव्या मनोविश्लेषणाचीही हीच गत झाली. रांचीला १९१८ साली युरोपियन वेड्यांसाठी निराळे रुग्णालय निघाले, भारतीयांसाठी तेथेच १९२५ साली दुसरे. वेडाच्या दारातही रंग पाहूनच प्रवेश! त्या युरोपियन रुग्णालयाचा प्रमुख ओवेन बर्कले-हिल याने १९२१ साली फ्रॉइडच्या पद्धतीने सबंध हिंदू समाजाच्या धर्माची आणि स्वभावाची चिकित्सा करणारा निबंध लिहिला. रोगी एक असतो, हे वैद्यकाचे पहिले तत्त्व. येथे कोट्यवधींना एकदमच रोगी ठरविण्यात आले.

महाराष्ट्रात या कायद्याने काय केले, हे आपल्याला दूर जाऊन शोधावे लागत नाही. पारधी, कैकाडी, भामटा, कंजारभाट, छप्परबंद, बेरड अशा कितीतरी जमातींची नावे त्या तक्त्यात चढली. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड मोठी वसाहत उभी राहिली. लोक तिला ‘सेटलमेंट’ म्हणू लागले आणि ते नाव अजून त्या भागाला चिकटून आहे. दिवसा गिरणीत काम, ठरल्या वेळी हजेरी, गावाबाहेर जावयाचे तर परवाना. चोरी केलेला आणि न केलेला, दोघेही एकाच रांगेत. जन्मलेले मूल कुंपणाच्या आतच डोळे उघडी. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ किंवा लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ ही आत्मकथने ज्यांनी वाचली असतील त्यांना, कायदा गेल्यानंतरही त्याची सावली किती लांब पडते, हे सांगावयास नको.

याच सुमारास दुसऱ्या रीतीचाही एक प्रयोग आपल्याकडे झाला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात अशा जमातींची हजेरीची पद्धत बंद केली, आणि फासेपारध्यांना आपल्या पदरी कामे दिली. कवटीचे माप त्यांनी घेतले नाही, की मनोविश्लेषण केले नाही. माणसावर विश्वास टाकला तर तो विश्वासास पात्र होतो, एवढे साधे मानसशास्त्र त्यांना पुरले. १९३७ साली मुंबई सरकारने कन्हैयालाल मुन्शी यांच्या अध्यक्षतेखाली या कायद्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. स्वातंत्र्यानंतर अनंतशयनम् अय्यंगार यांच्या समितीने १९४९-५० मध्ये सगळ्या देशातील स्थितीचा विचार केला, आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. त्या दिवसापासून या जमाती ‘विमुक्त’ झाल्या.

चित्रपटाच्या जगातही हा बदल उमटला. ‘प्रेशर पॉइंट’च्या आगेमागेच, १९६० साली, राज कपूर यांचा ‘जिस देश में गंगा बहती है’ हा चित्रपट आला. त्याचा एक भाग भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांत चित्रित झालेला आहे. कथा दरोडेखोरांच्या टोळीची. एक भोळा तरुण त्यांच्यात जाऊन राहतो आणि अखेर टोळी शस्त्रे खाली ठेवते. त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या विनोबांनी चंबळच्या खोऱ्यात खऱ्याखुऱ्या दरोडेखोरांकडून शस्त्रे ठेवून घेतली होती. जाणकार म्हणतील की, ही भाबडी आशा आहे. अमेरिकन चित्रपटातील डॉक्टर असा भाबडा नाही. द्वेष बरा झालेला नाही हे त्याला दिसते आणि तो तसे सांगतो. तथापि दोन्ही चित्रपटांत एक गोष्ट समान आहे. दोन्हीकडे माणसाला समोर बसवून, त्याच्या तोंडून त्याची गोष्ट ऐकली जाते, आणि निर्णय त्या एका माणसाविषयी होतो. डॉक्टरने कैद्याच्या सुटकेला विरोध केला तो तो जर्मन वंशाचा म्हणून नव्हे, तर त्या विशिष्ट माणसाचे मन त्याने महिनोन्‌महिने ऐकले होते म्हणून. कठोर निर्णयही न्याय्य असू शकतो तो याच अटीवर.

सरकारी कचेरीत ज्यांनी उमेदीची वर्षे घालविली आहेत त्यांना एक अनुभव सर्वपरिचित आहे. यादीत नाव चढविण्यास एक सही पुरते. तेच नाव उतरविण्यास पिढ्या जातात. १९५२ साली कायदा गेला, पण सराईत गुन्हेगारांविषयीचे राज्याराज्यांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. कागदावर ते व्यक्तीला लागू होते, जमातीला नव्हे. परंतु जुनी यादी ज्यांच्या डोक्यात पक्की बसली होती त्यांना नव्या कायद्यातही जुनीच नावे दिसत राहिली. बाळकृष्ण रेणके आणि भिकूजी इदाते या दोघा मराठी माणसांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या राष्ट्रीय आयोगांनी या लोकांची स्थिती देशापुढे मांडली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातीवरून काम वाटण्याची कलमे घटनाबाह्य ठरविली, आणि विमुक्त जमातींना जन्मतःच गुन्हेगारी प्रवृत्तीचे मानण्याच्या वृत्तीवर कडक ताशेरे ओढले. १८३६ पासून मोजले तर या एका वाक्यापर्यंत येण्यास १८८ वर्षे लागली.

सिडनी पॉइटिए २०२२ साली निवर्तले. एडिंबरोच्या त्या संस्थेचा कवट्यांचा संग्रह पुढे विद्यापीठाच्या शरीररचनाशास्त्र विभागाकडे गेला. त्या शास्त्रावर आज कोणाचाही विश्वास उरलेला नाही. परंतु कवटी चाचपण्याची खोड मात्र माणसाच्या हातून सुटलेली नाही. गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी प्रथम पारध्यांच्या पालांकडे वळते. एखाद्या शहरात परक्या प्रांताचा, परक्या धर्माचा किंवा परक्या रंगाचा माणूस दिसला की आपण त्याचे नाव विचारतो आणि स्वभाव ठरवून मोकळे होतो. तेव्हा आपणही कॉक्ससारखेच त्याचे उंचवटे चाचपीत असतो.

आणि फिरंगियाची ती गुळाची गोष्ट मनात घोळत राहते. लहान मुलाच्या हातावर आपण काय ठेवतो, यावर पुष्कळ अवलंबून आहे. ठगाच्या बापाने गूळ ठेवला, नाझीपंथी कैद्याच्या बापाने मार ठेवला, सोलापूरच्या कुंपणाआडच्या मुलाच्या हातावर कायद्याने हजेरीचा कागद ठेवला. यांपैकी कोणीही मूल जन्मतः वाईट नव्हते.